हजेरी बुडवून सुरक्षा कोण शिकणार?

बदलापूर पश्चिमेच्या हेंद्रेपाड्यात पुराचं प्रशिक्षण कुणी कधी दिलेलं नाही, तरी तिथे ते सगळ्यांना येतं. उल्हास नदी चढायला लागली की दुचाकी कुठल्या उंचवट्यावर नेऊन लावायची, फ्रिजखाली काय सारायचं, तळमजल्याचा मेन स्विच कधी पाडायचा, म्हाताऱ्यांना कुणाच्या घरी वरच्या मजल्यावर न्यायचं, हे सगळं लोकांच्या अंगवळणी पडलं आहे. २००५, २०१९ आणि २०२१ चा जुलै या वस्तीच्या आणि शेजारच्या रमेशवाडी, वालिवली, मांजर्लीच्या लक्षात आहे. पाणी डोळ्यांना दिसतं, पायरी-पायरीने वाढतं आणि ओसरल्यावर भिंतीवर आपली रेघ ठेवून जातं. पुढच्या वेळेला काय करायचं ते ती रेघच सांगते.

याच भागातून रोज सकाळी डबा घेऊन माणसं कामावर निघतात. कुणी रेल्वेपलीकडे खरवई, मानकिवलीच्या एमआयडीसीत जातं, कुणी अंबरनाथला मोरिवलीत नाहीतर आनंदनगरला, कुणी लोकल पकडून उल्हासनगर, डोंबिवलीपर्यंत. तिथला धोका अशी रेघ ठेवत नाही. ३ जून २०२१ च्या रात्री दहा-साडेदहाच्या सुमाराला बदलापुरातल्या एका रासायनिक कारखान्यातून वायू सुटला. प्रक्रियेत तापमान हाताबाहेर गेलं होतं. आजूबाजूच्या वस्तीत डोळे चुरचुरायला लागले, श्वास कोंडायला लागला आणि लोक घराबाहेर आले. तासाभरात गळती आटोक्यात आली, कुणी दगावलं नाही. पण बाहेर यावं की दारं-खिडक्या लावून आत बसावं, वारा कुठल्या दिशेला आहे, ओला रुमाल नाकाला लावून फायदा होतो का, यातलं काहीही त्या रात्री रस्त्यावर उभ्या असलेल्या बहुतेकांना सांगता आलं नसतं. त्या गर्दीत कारखान्यांत काम करणारेही होतेच की.

प्रश्न इथून सुरू होतो. सुरक्षेचं प्रशिक्षण कायद्यात आहे, कागदावर आहे, ४ मार्चच्या सुरक्षा दिनाच्या बॅनरवर तर आहेच. मग कामगार त्याला का जात नाहीत? आणि गेलेच तर रिकाम्या हाताने परत का येतात?

या पट्ट्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. २६ मे २०१६ रोजी डोंबिवलीत प्रोबेस एंटरप्रायझेसमध्ये झालेल्या स्फोटात १२ माणसं गेली आणि दोनशेच्या वर जखमी झाली. २३ सप्टेंबर २०२३ रोजी शहाडच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये कार्बन डायसल्फाइड भरण्यासाठी आलेला टँकर फुटला आणि कामगार मृत्युमुखी पडले. १८ जानेवारी २०२४ च्या पहाटे बदलापूरच्या खरवई एमआयडीसीत स्फोट झाला. २३ मे २०२४ रोजी पुन्हा डोंबिवली, या वेळी अमुदान केमिकल्स. त्याच वर्षीच्या जुलैत बदलापुरात एका औषध कारखान्यातल्या रिअ‍ॅक्टरचा भाग उडून दूरच्या चाळीतल्या घरावर पडला आणि घरातली माणसं जखमी झाली. ही यादी पुरी नाही. प्रत्येक घटनेनंतर चौकशी झाली, नेत्यांच्या भेटी झाल्या, कारखाने हलवण्याच्या घोषणा झाल्या. कामगाराला सुरक्षेचं काय शिकवलं जात होतं, हे मात्र फारसं कुणी विचारलं नाही.

कायद्याकडे आधी एक नजर टाकू, कारण तो बहुतेकांच्या समजुतीपेक्षा कामगाराच्या बाजूने जास्त आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमात १९८७ साली मोठी दुरुस्ती झाली. तिच्यामागे भोपाळ होतं. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या टाकीतून मिथाइल आयसोसायनेट सुटला. त्याआधीच्या काही वर्षांत तिथल्या कामगारांचं प्रशिक्षण सहा महिन्यांवरून पंधरा दिवसांवर आणलं होतं, असं पुढे उजेडात आलं. कामाच्या सूचना आणि पाट्या बऱ्याचशा इंग्रजीत होत्या आणि ज्यांनी त्या वाचायच्या, त्यांच्यातल्या अनेकांची भाषा हिंदी होती. १९८७ च्या दुरुस्तीने कलम १११-अ आणलं. त्यानुसार आपल्या आरोग्याविषयीची आणि सुरक्षेविषयीची माहिती मालकाकडून मागणं आणि कारखान्यात किंवा मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण घेणं हा कामगाराचा हक्क झाला. संस्थेत पाठवायचं तर मालकाने पाठवायचं. कलम ४१-ह ने आणखी एक गोष्ट दिली. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात जिवावर बेतेल असं काही दिसलं, तर कामगार ते वरिष्ठांच्या आणि निरीक्षकाच्या कानावर घालू शकत होता.

म्हणजे प्रशिक्षण ही कंपनीने कामगारावर केलेली मेहेरबानी नव्हती. ती त्याची मागणी होती. अंबरनाथच्या एखाद्या शेडमध्ये उभं राहून हे कुणाला सांगितलं तर तो हसेल. त्याच्या अनुभवात सुरक्षेचा वर्ग म्हणजे सुपरवायझरने फिरवलेला कागद, त्यावर सही, वाटल्यास एक समोसा आणि बॅनरसमोर एक फोटो. फोटो तपासणीच्या फायलीत जातो. कामगार मशिनवर परत जातो.

याला कामगाराची बेफिकिरी म्हणणं सोपं आहे. सुरक्षा अधिकाऱ्यांच्या बोलण्यात हा शब्द वारंवार येतो: ‘ह्यांना काही पडलेलीच नसते.’ पण ज्याला पडलेली नसते असं म्हणतात तो माणूस हेल्मेट घालत नाही, तरी रात्रपाळीला निघताना देवाला हात जोडून निघतो. त्याला जिवाची काळजी असते. फक्त आपण ठेवलेल्या वर्गात बसून ती काळजी कमी होईल, यावर त्याचा विश्वास बसलेला नसतो. त्याचा हिशेब साधा आहे आणि तो बहुतेक वेळा बरोबर असतो.

हिशेबाचं पहिलं कलम पैशांचं. या पट्ट्यात मोठा भाग ठेकेदाराच्या कामगारांचा आहे. त्यांच्या तोंडी ‘हजेरी’ म्हणजे मजुरीच. हजेरी भरली तर पैसे, खाडा झाला तर नाही. प्रशिक्षण पाळी सुटल्यावर ठेवलं तर ओव्हरटाइम बुडतो, पाळीच्या आधी ठेवलं तर एक लोकल आधीची पकडावी लागते, सुट्टीच्या दिवशी ठेवलं तर सुट्टी जाते. अंबरनाथ-डोंबिवलीच्या औद्योगिक पट्ट्यात विजेच्या वाटपामुळे साप्ताहिक सुट्टी पुष्कळ ठिकाणी शुक्रवारी असते आणि ‘शुक्रवारी या, दोन तासांचा कार्यक्रम आहे’ हे वाक्य ऐकलं की कामगाराचा चेहरा पडतो. पडायलाच हवा. ही आठवड्याची सुट्टी काही फुकट मिळालेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांना एकत्र करून ती मागितली आणि १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी ती मान्य केली. त्या सुट्टीवर सुरक्षेचा वर्ग घालणं म्हणजे एका हक्काने दुसऱ्याचा गळा आवळणं झालं.

बायकांचा हिशेब याहून कडक. पॅकिंगला, लेबलिंगला, असेंब्लीला जाणाऱ्या बाईची पाळी साडेपाचला सुटते तेव्हा तिच्या डोक्यात शेअर रिक्षा, पाणी येण्याची वेळ आणि शेजारणीकडे सोडलेलं मूल असतं. सहा वाजता ठेवलेल्या वर्गाला ती येत नाही, आणि तिच्या नावापुढे ‘अनुपस्थित’ लिहिणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरी गेल्यावर आयता चहा मिळतो. हाच वर्ग दुपारी जेवणाच्या सुट्टीला जोडून, कामाच्या वेळेत ठेवला तर वेगळं आमंत्रण लागत नाही.

दुसरं कलम भाषेचं. एका शेडमध्ये मराठी, हिंदी, भोजपुरी, बंगाली, उडिया अशी भेळ असते. समोर भिंतीवर स्लाइड इंग्रजीत. शिकवणारा मराठीत सुरुवात करतो, ‘हॅझर्ड आयडेंटिफिकेशन’पाशी इंग्रजीत शिरतो आणि परत येत नाही. ऐकणाऱ्याला न कळल्याची लाज वाटते, म्हणून तो मान डोलावतो. मान डोलली की शिकवणाऱ्याचं समाधान होतं.

तिसरं कलम लिहून ठेवता येत नाही, पण सर्वांत जड तेच. वर्गात जो प्रश्न विचारतो तो लक्षात राहतो. ‘टाकीत उतरण्याआधी गॅस मोजायला यंत्र कुठे आहे?’ असं विचारणाऱ्याला पुढच्या महिन्यात ठेकेदार बोलावेल की नाही, याची खात्री कुणी देत नाही.

यावर इलाज कुणाला सुचलेच नाहीत असं नाही. त्यातला एक महाराष्ट्रातच, नागपुरात आकाराला आला, तोही पासष्टहून अधिक वर्षांपूर्वी. केंद्र सरकारने १९५८ साली केंद्रीय श्रमिक शिक्षण मंडळ स्थापन केलं आणि त्याचं मुख्यालय नागपूरला ठेवलं. आज त्याला दत्तोपंत ठेंगडींचं नाव आहे. हे मंडळ फक्त सुरक्षेसाठी नव्हतं. कायदे, संघटना, उत्पादकता, घरखर्च, सगळंच शिकवायचं. पण शिकवण्याची त्याची रचना आजही उघडून पाहण्यासारखी आहे. मंडळाने आधी शिक्षण अधिकारी तयार केले. त्यांनी कारखान्यांतून निवडून आलेल्या कामगारांना पूर्ण वेळ शिकवून ‘श्रमिक शिक्षक’ केलं. हे श्रमिक शिक्षक आपापल्या कारखान्यात परतले आणि आपल्याच खात्यातल्या, आपल्याच पाळीतल्या सोबत्यांचे वर्ग घेऊ लागले. म्हणजे काल ज्याच्याकडून बिडी मागून घेतली तोच आज खडू हातात घेऊन उभा. अशा माणसासमोर प्रश्न विचारायला भीती वाटत नाही, आणि त्यालाही ठाऊक असतं की तिसऱ्या मशिनचं गार्ड काढून ठेवलं आहे ते का.

दुसरं म्हणजे असंघटित क्षेत्रातल्या मजुरांसाठी घेतलेल्या शिबिरांत मंडळाने बुडालेल्या मजुरीची भरपाई द्यायची पद्धत ठेवली. रक्कम मोठी नसते. पण त्यातून जे सांगितलं जातं ते महत्त्वाचं आहे: तुझा इथला दिवस हा कामाचाच दिवस आहे. उपस्थिती वाढवण्याच्या शंभर युक्त्या व्यवस्थापनाच्या पुस्तकांत सापडतात, लकी ड्रॉ, टी-शर्ट, ‘महिन्याचा सुरक्षावीर’ वगैरे. हजेरी लावण्याइतकी सरळ युक्ती त्यात क्वचितच असते.

ती महाग आहे का? तीस कामगारांचा एक कारखाना धरू. आठ तासांना सहाशे रुपये मजुरी धरली तर तासाला पंचाहत्तर. तीस जणांना महिन्यातून एक तास पगारी प्रशिक्षण दिलं तर सव्वादोन हजार रुपये. एवढ्यात धड एक सेफ्टी बॅनर आणि चहा-नाश्ता होतो.

आता वर्गात काय होतं त्याकडे वळू, कारण पैसे देऊन बसवलेला माणूसही झोपू शकतो. २००६ साली अमेरिकेत मायकेल बर्क आणि सहकाऱ्यांनी १९७१ ते २००३ या काळातल्या ९५ अभ्यासांची एकत्र छाननी केली. त्यांत मिळून २०,९९१ कामगार होते. निष्कर्ष असा की व्याख्यान, पत्रक, व्हिडिओ यांनी थोडं ज्ञान वाढतं, पण जिथे कामगाराने स्वतः हाताने करून पाहिलं, चुकला, पुन्हा केलं आणि त्यावर बोलला, तिथे ज्ञानातली वाढ कितीतरी जास्त होती आणि अपघातही जास्त कमी झाले. आपल्याकडच्या कुठल्याही फिटरला हे सांगायची गरज नाही. त्याने पान्हा पुस्तकातून शिकलेला नसतो.

हाताने शिकणं म्हणजे काय, ते टाकीत उतरण्याच्या कामावरून नीट दिसतं. रसायनाची टाकी, रिअ‍ॅक्टर, सांडपाण्याचा हौद, ड्रेनेजचं मॅनहोल, सगळ्यांची जात एक. आत जायला छोटं तोंड, आत हवा खेळत नाही. आपण श्वासात घेतो त्या हवेत साधारण २१ टक्के ऑक्सिजन असतो. तो १९.५ च्या खाली गेला की आत उतरायचं नाही, असा दंडक आहे. नायट्रोजनने भरलेल्या टाकीत ऑक्सिजन जवळजवळ शून्य असतो आणि नायट्रोजनला वास नसतो, रंग नसतो, घसा खवखवत नाही. माणूस एक-दोन श्वासांत कोसळतो, ओरडायलाही वेळ मिळत नाही. वरून पाहणाऱ्याला वाटतं पाय घसरला. तो उतरतो. मग तिसरा. अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या कामगार-आरोग्य संस्थेने १९८६ साली दिलेल्या इशाऱ्यात म्हटलं होतं की बंदिस्त जागेतल्या मृतांमध्ये साठ टक्क्यांहून अधिक जण वाचवायला गेलेले असतात. म्हणजे इथे मारतो तो हलगर्जीपणापेक्षा जिव्हाळा.

हायड्रोजन सल्फाइडची गोष्ट याहून फसवी. सडक्या अंड्याचा त्याचा वास अगदी थोड्या प्रमाणातही येतो. म्हणून कामगार म्हणतात, वास आला की पळू. पण हवेतलं प्रमाण दहा लाखांत शंभराच्या वर गेलं की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास थांबतो, माणसाला वाटतं वायू गेला. तेव्हाच तो सर्वांत जास्त असतो. उल्हासनगरकरांनी या वायूचा प्रताप २९ नोव्हेंबर २०१४ च्या पहाटे पाहिला. टँकरमधून वालधुनी नदीत रसायन ओतलं गेलं आणि काठच्या वस्तीतली शेकडो माणसं रुग्णालयात पोचली. ते तर उघड्यावर होतं, टाकीत नव्हतं.

हे सगळं स्लाइडवर दाखवता येतं आणि संध्याकाळपर्यंत विसरता येतं. त्याऐवजी रिकाम्या, धुतलेल्या टाकीपाशी सहा जणांना उभं करावं. गॅस मोजायचं यंत्र एकेकाच्या हातात द्यावं. दोरीला बांधून ते आधी टाकीच्या तोंडाशी, मग मध्यावर, मग तळाशी सोडायला सांगावं, कारण काही वायू वर तरंगतात, काही तळाला बसतात. पडद्यावरचा आकडा त्याने मोठ्याने वाचावा. मग एकाने पट्टा घालून उतरावं, एकाने तोंडाशी बसून त्याच्याशी सतत बोलत राहावं आणि काहीही झालं तरी आत पाय टाकायचा नाही, हे त्याला करून पाहायला लावावं. खालचा मुद्दाम गप्प बसतो तेव्हा वरच्याचा पाय आपोआप पुढे येतो. तो येतो, हे स्वतःच्या बाबतीत एकदा दिसलं की ते विसरणं अवघड आहे. तिपाई आणि दोरीने बाहेरूनच ओढून काढायला लागतात ते मिनिट-दीड मिनिट किती लांब असतं, तेही कळतं. आत न्यायचा दिवा २४ व्होल्टच्या वरचा नको, असं कारखाने अधिनियमात लिहिलेलं होतं, ते का, हे ओल्या लोखंडी टाकीत बसून लगेच पटतं.

असंच आग विझवायच्या सिलिंडरचं. लाल सिलिंडर दहा वर्षं रोज पाहिलेल्या माणसानेही बहुधा तो कधी उचललेला नसतो. सहा किलोची भुकटी अर्ध्या मिनिटाच्या आत संपते, हे माहीत नसल्याने पहिल्यांदा वापरणारा ज्वाळांवर मारतो आणि बुडाशी मारायची वेळ येते तेव्हा सिलिंडर रिकामा असतो. अर्ध्या पिंपात जरा डिझेल पेटवून प्रत्येकाला एकदा तरी मारू द्यावा. भरायचा खर्च येतो, तो करावा.

कार्बन डायसल्फाइडसारख्या द्रवाविषयी तर ‘ज्वलनशील’ ही पाटी काहीच सांगत नाही. रेयॉनचा धागा करायला तो लागतो, म्हणून उल्हासनगरला त्याची जुनी ओळख. त्याची वाफ पेटायला ठिणगी लागतेच असं नाही, उकळत्या पाण्याइतका, शंभर अंशांच्या आसपास तापलेला वाफेचा पाइपही पुरतो. हे ज्याला कळलं तो पाइपावरचं फाटलेलं वेष्टण पाहून थांबेल. आणि या कारखान्यांत रोज बाहेरची माणसं येतात: टँकरचे चालक-क्लीनर, वेल्डर, रंगारी, भंगारवाले. त्यांचं नाव कुठल्याच प्रशिक्षणाच्या यादीत नसतं. मोठ्या कंपन्यांनी यावर ‘प्रशिक्षणाशिवाय गेटपास नाही’ असा नियम केला आहे. तो चांगला आहे, पण फाटकावरच्या वीस मिनिटांच्या व्हिडिओने माणूस आत सोडण्यालायक होतो, असं मानणं धाडसाचं आहे.

म्हणून पाळीच्या सुरुवातीची दहा मिनिटं, ज्याला सगळे ‘टूलबॉक्स टॉक’ म्हणतात, ती वर्षातल्या एका मोठ्या कार्यक्रमापेक्षा जास्त कामाची. आज काय करायचं आहे, कुठे करायचं आहे, काल तिथे काय बिघडलं, एवढंच बोलायचं. उभ्याउभ्या, मशिनपाशी, ज्या भाषेत शिव्या घातल्या जातात त्याच भाषेत. बोलणारा रोज बदलता ठेवला की चार महिन्यांत प्रत्येकाची पाळी येते आणि ऐकणाऱ्यांना कळतं की उद्या आपल्याला बोलायचं आहे. सुपरवायझर त्या वेळेत फोनवर नसावा. तो जर दहा मिनिटांत तीनदा घड्याळ पाहत असेल तर त्या दिवशीचा खरा धडा कामगारांनी घेतलेला असतो: आधी प्रॉडक्शन.

इथे एक थंड पाण्याचा शिडकावा गरजेचा आहे. टोरांटोच्या इन्स्टिट्यूट फॉर वर्क अँड हेल्थमधल्या लिंडा रॉब्सन आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली २२ काटेकोर प्रयोगांचा आढावा घेतला. प्रशिक्षणाने कामगारांचं वागणं बदलतं याचा भक्कम पुरावा त्यांना मिळाला. मात्र निव्वळ प्रशिक्षणाने इजा आणि आजार कमी होतात, असं म्हणण्याइतका पुरावा मिळाला नाही. यात नवल नाही. सेफ्टी व्हॉल्व्ह जाम असेल, रिअ‍ॅक्टरला थंड करणारं पाणी कमी पडत असेल, तर शिकलेला कामगार फार तर पळायचं कधी हे ओळखेल. तापमान हाताबाहेर जाणं ही यंत्राची, रचनेची, देखभालीची बाब आहे आणि तिचा खर्च मालकाच्या खात्यातला आहे. प्रशिक्षणाचा वापर हा खर्च टाळायला होतो तेव्हा कामगाराला ते सर्वांत आधी समजतं. अपघातानंतर ‘याला तर ट्रेनिंग दिलं होतं, ही बघा सही’ असं म्हणता यावं म्हणून घेतलेली सही त्याला बरोबर ओळखता येते.

पुढच्या वर्गाला माणसं येतील की नाही, ते मागच्या वर्गातल्या प्रश्नांचं काय झालं यावर ठरतं. गॅसचं यंत्र नाही असं कुणी म्हणालं आणि पंधरा दिवसांत ते आलं, तर पुढच्या वेळी खुर्च्या कमी पडतात. नाही आलं, तर नुसता समोसा उरतो.

लहान कारखान्यांचं काय, हा बदलापूर-अंबरनाथचा खरा गुंता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेने कारखान्याच्या व्याख्येतली कामगारसंख्या वाढवली. वीज वापरणाऱ्या ठिकाणी जुन्या केंद्रीय कायद्यात ती १० होती, आता २० आहे. सुरक्षा अधिकारी नेमणं साधारण कारखान्याला ५०० कामगारांपासून आणि धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्याला २५० पासून बंधनकारक आहे. पूर्वीची १००० ही मर्यादा पाहता हे पाऊल पुढचंच. पण तीस-चाळीस माणसांवर चालणाऱ्या युनिटला सुरक्षा अधिकाऱ्याची ही अट लागू पडत नाही. तिथे मालकच खरेदी पाहतो, बँकेत जातो, बॉयलरवाल्याशी भांडतो. त्याला सुरक्षा अधिकारी परवडणार नाही, आणि प्रशिक्षणाचा विषय काढला तर तो खरंच विचारील, घेणार कोण?

उत्तर शेजारी आहे. अतिरिक्त अंबरनाथमध्ये ‘आमा’, डोंबिवलीत ‘कामा’ अशा उद्योजकांच्या संघटना आहेत. ठाणे-बेलापूर पट्ट्यात आणीबाणीत एकमेकांना मदत करणारे कारखान्यांचे ‘मार्ग’ गट आहेत. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचं कार्यालय कल्याणला आहे. मुंबईत शीवला सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूट आहे. ४ मार्च १९६६ रोजी स्थापन झालेली राष्ट्रीय सुरक्षा परिषद सीबीडी बेलापूरला आहे, तिच्याच स्थापनेचा दिवस आपण सुरक्षा दिन म्हणून पाळतो. मध्य रेल्वे आणि हार्बरच्या तिकिटात पोचता येतील अशा या जागा. वीस लहान युनिटांनी मिळून एक प्रशिक्षक, एक गॅसचं यंत्र, एक तिपाई आणि सरावाची एक जुनी टाकी ठेवली, आणि प्रत्येक युनिटमधून दोन कामगार पगारी पाठवले, तर वर्षभरात चाळीस श्रमिक शिक्षक तयार होतात. नागपूरचीच जुनी रीत, फक्त वर्ग एमआयडीसीच्या शेडमध्ये.

बदलापुरात सध्या कारखान्यांपेक्षा क्रेन जास्त दिसतात. नदीकाठापर्यंत इमारती उठत आहेत आणि सकाळी नाक्यावर बांधकाम मजूर उभे असतात. त्यांच्यासाठी महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ आहे. बांधकाम खर्चावरच्या उपकरातून त्याच्याकडे पैसा येतो, वर्षात ९० दिवस काम केलेल्या मजुराची नोंदणी होते आणि त्याला सुरक्षा संच मिळतो. या संचासाठी रांगा लागतात, हे सर्वांनी पाहिलं आहे. पेटी घरी जाते, त्यातलं हेल्मेट पुष्कळदा दुसऱ्या दिवशी साइटवर दिसत नाही आणि कंबरपट्टा कशाला अडकवायचा ते कुणी दाखवलेलं नसतं. रांग आयती उभी असतेच. पेटी हातात देण्याआधी तिथेच बांबूच्या परांचीवर दोन पायऱ्या चढवून, पट्टा बांधून, हुक डोक्याच्या वर अडकवून एकदा लोंबकळायला लावायचं. माणशी पाच मिनिटं लागतील. त्या दिवसाची मजुरीही संचाबरोबर दिली, तर मजुराला नाक्यावरून लवकर निघायला लावणारं आणखी काही शोधावं लागणार नाही.